गळती कुठे आहे ते आधी पाहावे, मग पाना हाती घ्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारींवरील आपल्या पुरवणीत सिट्रोएन या फ्रेंच कंपनीच्या डीएस मोटारीविषयीचा लेख वाचला. १९५५ सालच्या पॅरिस प्रदर्शनातील तिचे पदार्पण आणि १९६२ मध्ये पॅरिसजवळच्या पेटी-क्लामार येथील गोळीबारात टायर फुटूनही फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना घेऊन निसटलेली गाडी, हा भाग उत्तम उतरला आहे. मात्र अखेरीस लेखकाने दोन विधाने केली आहेत. या गाड्यांचे हायड्रॉलिक सस्पेन्शन एकदा गळू लागले की ते दुरुस्त होत नाही, हे पहिले. आणि याच कंपनीची भारतात आलेली सी५ एअरक्रॉस त्याच तंत्रावर चालते, हे दुसरे. ही दोन्ही विधाने बरोबर नाहीत. मी नेदरलँड्समध्ये राहतो आणि याच घराण्यातील सिट्रोएन बीएक्स ही गाडी वापरतो, म्हणून हे पत्र.

या रचनेत पोलादी स्प्रिंगच्या जागी प्रत्येक चाकाला एक पोलादी गोळा असतो. त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला दाबाखालील नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला द्रव असतो. इंजिनवर चालणारा पंप हा द्रव साधारण १४५ ते १७० बार दाबाने पुरवतो. गाडीबद्दलची कोणतीही तक्रार ‘गळती’ म्हणून नोंदवली जाते, तिथेच निदान चुकते. गाडी दगडासारखी कडक चालत असेल, तर बहुधा पडद्यातून नायट्रोजन निघून गेलेला असतो. तो वर्षानुवर्षे हळूहळू कमी होतच असतो. अशा वेळी गोळा बदलावा किंवा पुन्हा भरून घ्यावा, कारण द्रवाचा एक थेंबही बाहेर गेलेला नसतो. त्याचप्रमाणे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी जमिनीलगत बसलेली दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आतल्या झडपांमधून आणि सिलिंडरमधून थोडा द्रव झिरपून द्रवाच्या टाकीत परतावा अशीच मूळ योजना आहे, आणि खालची फरशी कोरडी असेल तर ती गळती नव्हे. इंजिन चालू आणि गाडी जागेवर उभी असताना पंपाजवळचा दाब-नियामक दर काही सेकंदांनी टक् टक् करत असेल, तर प्रथम त्याच्यावर बसवलेल्या वेगळ्या गोळ्याचा संशय घ्यावा.

फरशी खरोखरच ओली असेल, तर आधी थेंब बोटांत चोळून पाहावा. १९६६ च्या सुमारास सिट्रोएनने पाणी शोषून घेणारा तांबडा द्रव सोडून एलएचएम हे हिरवे खनिज तेल स्वीकारले. रेडिएटरमधील कूलंटही अनेकदा हिरवेच असते, पण ते पाणीदार लागते आणि एलएचएम तेलकट. त्यानंतर गाडीची खालची बाजू धुऊन कोरडी करावी, खाली पुठ्ठा अंथरावा, इंजिन चालू करून गाडीची उंची बदलणारा दांडा सर्वांत वरच्या स्थितीत न्यावा आणि टॉर्चच्या उजेडात पाहावे. मात्र भक्कम स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली डोके घालू नये, कारण एखादी नळी फुटली तर ती क्षणात खाली बसते. बारीक फवारा शोधण्यासाठी हातही फिरवू नये; एवढ्या दाबाचा द्रव कातडीत शिरू शकतो.

बीएक्समध्ये पुष्कळ वेळा दोषी ठरतात त्या द्रव टाकीत परत नेणाऱ्या कमी दाबाच्या रबरी नळ्या. त्या वयाने चिरतात. पुढच्या स्ट्रटवरील (चाकाला आधार देणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यावरील) रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटला की त्यात साठलेला द्रव चाकावर ओघळतो आणि मालकाला वाटते स्ट्रटच गेला. पुष्कळदा काम फक्त बूट आणि क्लिप बदलून भागते. कमी दाबाच्या रबरी नळीवर साधी क्लिपही चालते, पण उच्च दाबाच्या पोलादी नळीवर तो प्रयोग करू नये. ती गंजून झिरपू लागली, तर खराब तुकडा कापून त्याच व्यासाची तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी योग्य पद्धतीने तोंड घडवून बसवावी लागते. जोडातून पाझर असेल, तर नट आणखी आवळण्याचा मोह टाळावा. या जोडांना नळीवर चढवलेले छोटे रबरी सील घट्टपणा देते. नट जास्त पिळला तर सील चिरडते आणि आटे जातात. नट सोडण्यापूर्वी गाडी सर्वांत खालच्या स्थितीत आणून, इंजिन बंद करून नियामकावरील स्क्रू सैल करावा आणि दाब उतरू द्यावा. नवा गोळा सीलला एलएचएम लावून हातानेच घट्ट बसवायचा असतो, पान्याने नाही. शेवटी टाकीतील पातळी इंजिन चालू आणि गाडी पूर्ण वर असतानाच पाहावी, आणि कमी पडले म्हणून साधे ब्रेक ऑइल कधीही ओतू नये. त्याने सगळी सील फुगून निकामी होतात. या गाड्या ‘दुरुस्त होत नाहीत’ अशी ख्याती होण्यात अशा चुकीच्या ओतण्याचा वाटा मोठा असावा, असे माझे मत आहे.

आता सी५ एअरक्रॉसविषयी. २०२१ मध्ये भारतात आलेल्या या गाडीत ना पंप आहे, ना नळ्या, ना गोळे. तिच्यात नेहमीचेच स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर, म्हणजे आपल्याकडच्या गॅरेजमधले शॉकअप आहेत; फक्त त्यांच्या आत धक्का मंदावणारे हायड्रॉलिक अडथळे बसवलेले आहेत. सीलजवळ तेलाचा पुसट ओलावा दिसणे चालते, पण ओघळ दिसला तर तो शॉकअप बदलावा, आणि शक्यतो त्याच ॲक्सलवरील दुसराही. त्यामुळे पुण्या-मुंबईतील मालकांनी या गाडीत एलएचएम शोधत बसू नये. लेखातील तेवढा उल्लेख पुढील अंकात दुरुस्त करावा, ही विनंती.

कळावे,
आपला एक वाचक,
आइंडहोव्हन (नेदरलँड्स)