तिची बासरी केवढी आहे?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लेकीनं बासरी कपाटात टाकली, 'मला येतच नाही' म्हणून रडली, आणि आता क्लास बंद करू का, असं तू विचारतोस. जरा थांब. आधी आमच्याकडचा घोळ ऐक.

पोहायला शिकायचं आमच्या चिरंजीवांनी स्वतःच ठरवलं आणि पंधरा दिवसांत नेमकं त्याच वेळेला पोट दुखू लागलं. मी निदान करून मोकळा: पाण्याची भीती! मग धीर देणं झालं, पोहण्याचा नवा चष्मा झाला, एकदा आवाजही चढवला. शेवटी एका रात्री दिवा मालवल्यावर सहज विचारलं, "तिथलं सगळ्यात नकोसं काय रे?" अंधारातून उत्तर आलं, "कपडे बदलताना मोठी मुलं हसतात." पाण्याचा संबंधच नव्हता.

मी त्या मुलांना दम भरायला निघालोच होतो. बायको म्हणाली, "त्यालाच विचार की, काय करायचं ते." (मारहाण असती तर मी कुणाचंही न ऐकता गेलो असतो, ते वेगळं.) त्यानं दोन मिनिटांत सांगितलं: चड्डी घरूनच आतून घालून जाईन आणि कुणी हसलंच तर सरळ पाण्याकडे चालू लागेन. 'असं झालं तर मी तसं करीन' हे आधीच ठरवून ठेवलं की ऐनवेळी गडबड होत नाही, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं संशोधनातून मांडलंय. आमच्या पोराला ते न वाचताच सुचलं.

आता तुझ्या लेकीचं. 'येत नाही' म्हणजे नक्की काय, ते विचार. पण समोर बसवून उलटतपासणी घेऊ नकोस. माझा एक संशय आहे. बासरी लांब असली की लहान बोटं भोकांवर नीट बसत नाहीत, फट राहते, हवा निसटते आणि स्वर फाटतो. तसं असेल तर तिच्या जिद्दीला बोल लावण्यात काय अर्थ? उंच पट्टीची, आखूड बासरी आणून दे. ही अडचण आपण मोठ्यांनीच दूर करायची.

अडचण सरावाची असेल, तर मात्र तिच्या वाट्याचा सराव तू सोपा करू नकोस, फक्त त्याचे तुकडे पाड. 1981 साली बांडुरा आणि शंक या मानसशास्त्रज्ञांनी गणितात कच्च्या असलेल्या 7 ते 10 वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना सांगितलं, 7 बैठकांत वजाबाकीची 42 पानं संपवा. काहींना, प्रत्येक बैठकीत 6 पानं. हिशेब एकच, पण 6 पानंवाली मुलं सरस ठरली आणि त्यांना वजाबाकी आवडूही लागली. तेव्हा अख्खी धून राहू दे, या आठवड्यात पहिली ओळ पुरे. आणि ती कुठली धून, हे तिनं ठरवायचं. तुला आवडणारी नको, तुझी सवय मला माहीत आहे!

एवढं करूनही तिला नकोच असेल, तर सोडू दे. मीही चित्रकला सोडली होती, आठवतं ना?

आमचा पोहणारा अजून नाक दाबूनच उडी मारतो. बासरीची लांबी मोजून कळव.

तुझाच,
जुना बाकमित्र