ओवीच्या प्लेटबद्दल, आई-बाबांना

पुणे, ११ जानेवारी २०२६

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई, ओवीचं नाव निघालं की तुझा गळा दाटून येतो. म्हणून तुमच्या नातीच्या दुभंगलेल्या ओठाचं-टाळूचं आणि तिच्या तोंडात बसवलेल्या प्लेटचं सगळं सविस्तर लिहूनच पाठवते. संक्रांत झाली की तुम्ही येणार आहात. त्याआधी हे दोघांनीही वाचा.

आधी ग्रहणाचं. आई, परवा तू म्हणालीस, "त्या दिवशी मी तुला विळीला हात लावू द्यायला नको होता." गणपतीला मी घरी होते, ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं, वेध लागल्यावर मी कोशिंबिरीला काकडी चिरली, हे सगळं खरं. पण तेव्हा मला सातवा महिना चालू होता. पोटातल्या बाळाचा वरचा ओठ जुळतो तो दुसऱ्या महिन्यात, आणि तोंडातला टाळू साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत. ओवीचा ओठ जुळायचा राहिला तेव्हा मला दिवस गेलेत हेसुद्धा आपल्याला जेमतेम कळलं होतं. जगभरात साधारण ७०० बाळांमागे एकाला हे होतं, आणि ज्या देशांत ग्रहण कुणी पाळत नाही तिथेही होतं. कधी ते घराण्यातून येतं, कधी आणखी काही कारणं असतात, आणि बहुतेकदा एकाच कशावर बोट ठेवता येत नाही. तू मला जितकं जपलंस तितकं कुणी जपलं नसतं. ही गोष्ट मनातून काढून टाक, आणि गावात कुणी विषय काढला तर हेच सांग.

आता प्लेटचं. तुम्ही परत गेलात त्यानंतर लगेच ती बसवली, म्हणून तुम्ही ती फक्त फोटोत पाहिली आहे. ओवीची फट ओठापासून हिरडीतून थेट मागे टाळूपर्यंत आहे. हिरडीचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब होते, आणि डाव्या नाकपुडीची कमान बसकी होती. इतक्या रुंद फटीवर टाके घातले तर ते ताणले जातात. म्हणून ऑपरेशनच्या आधीच हे तुकडे प्लेटने जवळ आणायचे.

माप घेताना मी खोलीतच होते. भूल दिलेली नव्हती. डॉक्टर मॅडमनी तिला हातावर पालथं धरलं, तोंड जमिनीकडे, आणि मऊ सिलिकॉनचा गोळा टाळूवर दाबून धरला. बाजूला सक्शन आणि ऑक्सिजन तयार होता. ओवी जोरात रडत होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रडू द्या. रडतेय म्हणजे श्वास मोकळा आहे." त्या मापावरून प्लास्टरचा साचा झाला, आणि साच्यावरून गुलाबी ॲक्रिलिकची प्लेट.

बाबा, तुम्ही विचारलंत की ही प्लेट नक्की काम कसं करते. तुम्ही डेपोच्या वर्कशॉपमध्ये एका बाजूने घासून दुसऱ्या बाजूला शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालायचात, तसंच आहे. दर आठवड्याला मॅडम प्लेटच्या आतून एका जागी ॲक्रिलिक घासतात आणि समोरच्या बाजूला मऊ थर चढवतात. घासलेल्या जागी हिरडीला सरकायला वाव मिळतो, थर दिलेल्या बाजूने ती हलकेच ढकलली जाते. एका वेळी फार तर एक मिलिमीटर. प्लेटला पुढे एक दांडी आहे. त्या दांडीला छोटे रबर अडकवून ते टेपने गालांवर ताणून धरायचे, म्हणजे प्लेट टाळूला घट्ट बसते. ओठावर आडवी पट्टी वेगळी. प्लेटच्या मध्ये जे भोक दिसतं ते मुद्दाम ठेवलंय. प्लेट चुकून मागे सरकली तरी श्वास अडू नये म्हणून.

सुरुवातीला हिरडीतली फट ११ मिलिमीटर होती. आता ती पाचाच्या आत आली, म्हणून या आठवड्यात प्लेटला नाकाची तार जोडली. तिच्या टोकाला मऊ गोळी आहे, ती डाव्या नाकपुडीत राहते आणि बसकी कमान आतून उचलून धरते. हे आत्ताच का, तर आईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन जन्मानंतर काही आठवडे बाळाच्या अंगात टिकून असतं, त्यामुळे नाकाची कूर्चा, म्हणजे लवचीक हाड, मऊ आणि वळण घेणारी असते. नंतर ती घट्ट होत जाते. जपानमधल्या डॉक्टर मात्सुओंनी हे आधी कानाच्या आणि मग नाकाच्या बाबतीत दाखवलं. प्लेटला नाकाची तार जोडायची पद्धत १९९३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर ग्रेसन यांनी आणली. नुसती प्लेट त्याहून जुनी, ग्लासगोच्या मॅकनील यांची, १९५० च्या आसपासची.

ऑपरेशन टळेल अशी आशा मात्र कुणी धरू नका. ओठाचं ऑपरेशन होणारच, बहुतेक मार्चमध्ये. टाळूचं त्यानंतर, ती नऊ महिन्यांची झाल्यावर. नाकाची तार नसलेल्या साध्या प्लेटची नेदरलँड्समध्ये नीट चाचणी झाली होती, तीन केंद्रांत, ५४ बाळांवर. दूध पिण्यात किंवा वाढीत कायमचा फरक पडला नाही. मॅडमनी हे स्वतःहून सांगितलं, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आम्ही प्लेट घेतली ती फट कमी व्हावी आणि नाकाला आकार यावा म्हणून. तो फरक मला डोळ्यांनी दिसतोय.

आई, दुधाचं. ओवीला भूक भरपूर आहे, पण तोंड आणि नाक आतून एकच असल्यामुळे तिला ओढता येत नाही. मी दूध काढते आणि झडपेच्या बाटलीने पाजते. तिने चावल्यासारखं केलं की दूध येतं. तिला टेकवून, जवळजवळ बसतं धरायचं, आणि मध्ये मध्ये ढेकर काढायची. नाकातून दूध आलं तर घाबरू नकोस, थांब, पूस, परत सुरू कर. तुझं चांदीचं बोंडलं घेऊन ये. मी विचारलंय, चालेल, पण आडवं झोपवून अजिबात नाही.

आता तुम्हा दोघांकडून मला काय हवंय ते सांगते. मी फेब्रुवारीत कामावर रुजू होईन आणि दिवसभर ओवी तुमच्याजवळ असेल. प्लेट चोवीस तास तोंडात राहायला हवी. ती रडेल, लाळ गाळेल, आई, तुझा जीव तुटेल आणि "काढ गं थोडा वेळ" असं तोंडात येईल. काढायची नाही. दिवसातून एकदा धुण्यापुरती काढायची, मऊ ब्रशने, कोमट पाण्यात. उकळत्या पाण्यात टाकू नकोस, वाकडी होईल. गालांवर कायम एक जाड पट्टी असते, रोजची टेप तिच्यावर लावायची, म्हणजे कातडी सोलत नाही. मालिश जरूर कर, ती मला स्वतःला तुझ्यासारखी जमत नाही, पण गालांना तेल नको, टेप धरत नाही. तीट कपाळावर लाव. हिरडीवर लाल चट्टा किंवा पांढरा थर दिसला तर मला लगेच फोन कर. मॅडम त्याच दिवशी बघतात.

दुसरं मागणं माझ्यासाठी जास्त मोठं आहे. ओवीचा चेहरा झाकायचा नाही. मावशी म्हणाली, "मुलीची जात आहे, ऑपरेशन होईपर्यंत कुणाला दाखवू नका." मावशीचं प्रेम मला कळतं, पण हे मी ऐकणार नाही. दवाखान्याच्या धावपळीत बारसं राहून गेलं. ते आता तुम्ही आल्यावर करायचं, प्लेट आणि टेपसकट. पाळण्यात तिला कुंची घाला, पण ती कपाळापर्यंतच. फोटो समोरून काढायचे. मोठी झाल्यावर ती विचारेल तेव्हा माझ्याकडे हे फोटो असायला हवेत. आत्याने तिचं नाव कानात सांगावं तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे बघावं, असं मला फार वाटतं.

बाबा, तुमच्या मित्राच्या नातवाचं, त्यालाही ओवीसारखंच आहे ना. त्यांना सांगा, वाट बघत बसू नका. आशाताईंना गाठा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं नाव घ्या. २०१३ साली तो आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला, आणि दुभंगलेला ओठ व टाळू त्यात येतात. ऑपरेशन मोफत होतं. पण प्लेटचं लगेच विचारायला सांगा, पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेली सर्वात बरी.

येताना जुन्या मऊ सुती साड्या आणा, लाळेची दुपटी पुरत नाहीत. सकाळच्या गाडीने निघालात तर निखिल स्वारगेटला येईल. बाबांच्या बीपीच्या गोळ्या महिन्याभराच्या घ्या.

तुमची,
अनू