मखमलीवरचा पुरावा आणि एस्थर लेडरबर्ग

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंविषयी वृत्तपत्रांत जे लिहिले जाते, त्यात ‘औषधाच्या माऱ्यामुळे जीवाणू स्वतःमध्ये बदल घडवून आणतात’ अशा अर्थाचे वाक्य वारंवार आढळते. हे वाक्य दिशाभूल करणारे आहे. ते का, हे १९५२ साली अगदी साध्या साधनांनी दाखवून दिले गेले. त्या कामात बरोबरीचा वाटा असलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञ एस्थर लेडरबर्ग यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते, म्हणून हे पत्र.

जीवाणू वाढवलेली प्लेट मखमल ताणून बसवलेल्या गोल ठोकळ्यावर हलकेच टेकवायची आणि मखमलीच्या लवेवर उमटलेला ठसा एकामागून एक कोऱ्या प्लेटवर उतरवायचा, म्हणजे मूळ प्लेटवरची प्रत्येक वसाहत (एका जीवाणूपासून वाढलेला ठिपका) प्रत्येक नकलेत आपल्याच जागी उगवते. एस्थर आणि त्यांचे पती जोशुआ लेडरबर्ग यांनी अशा नकला स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक घातलेल्या माध्यमावर घेतल्या, तेव्हा तगून राहिलेल्या वसाहती निरनिराळ्या नकलांत त्याच त्या ठिकाणी दिसल्या. औषध लागल्यावर बदल घडत असता, तर या जागा दर वेळी वेगळ्या निघाल्या असत्या. मग त्यांनी मूळ प्लेटवरच्या, औषधाचा स्पर्शही न झालेल्या, नेमक्या त्या जागेवरचे जीवाणू उचलून वाढवले, पुन्हा ठसे घेतले आणि असे करत करत औषधरोधी जीवाणू वेगळे काढले. त्यांच्या एकाही पूर्वजाची स्ट्रेप्टोमायसिनशी गाठ पडलेली नव्हती. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये संख्याशास्त्राच्या आधारे हाच निष्कर्ष काढला होता, पण आकडेमोडीने ज्याचे समाधान होत नाही, त्यालाही मखमलीचा पुरावा डोळ्यांनी पाहता येतो. उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांतला बदल, आधीच झालेले असते. औषध इतरांना मारून त्या मोजक्यांना मोकळे रान देते.

एस्थर यांचा सर्वांत मोठा शोध याहीआधीचा आहे. ई. कोलाय जीवाणूचा के-१२ हा वाण १९२२ पासून प्रयोगशाळांत वाढवला जात होता (योगायोग असा, की एस्थर यांचा जन्मही त्याच वर्षीचा), पण त्याच्या जनुकद्रव्यात एक जीवाणूभक्षक विषाणू, म्हणजे फेज, दडून बसला आहे, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. अतिनील किरणांच्या माऱ्यातून निघालेल्या एका उत्परिवर्ती वाणाशी मूळ वाणाची गाठ घालून दिल्यावर वसाहती कुरतडल्यासारख्या दिसल्या. तो दोष मानून प्लेट फेकून देणे सोपे होते. विस्कॉन्सिन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या एस्थर यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि लॅम्डा फेज हाती लागला. पुढे संकरांतून त्यांनी दाखवले, की लॅम्डाचा वारसा गॅलॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांना लागून चालतो. जनुके कशी चालू-बंद होतात, हे समजून घेताना पुढच्या पिढीने जे फेज हाताळले, त्यांत लॅम्डाचे स्थान अग्रभागी राहिले.

जीवाणूंच्या काही जोड्यांत संकर का होत नाही, या प्रश्नातून एफ घटकाचा, म्हणजे एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊन संकर घडवणाऱ्या जनुकद्रव्याच्या सुट्या तुकड्याचा, शोध लागला. त्या १९५२ च्या कामात जोशुआ आणि कावाली-स्फोर्झा या शास्त्रज्ञांसह एस्थर होत्या. औषधरोधाची जनुके एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे नेणारी प्लाझ्मिडे, म्हणजे जनुकद्रव्याचे छोटे सुटे तुकडे, याच जातकुळीतली. १९७६ ते १९८६ या काळात स्टॅनफर्ड येथील प्लाझ्मिड संदर्भ केंद्र त्यांनीच सांभाळले.

जोशुआ यांना १९५८ चे नोबेल मिळाले ते मुख्यतः जीवाणूंतील जनुकीय पुनर्संयोगासाठी (दोन जीवाणूंची जनुके एकत्र येऊन नव्याने जुळणे), आणि तो शोध त्यांनी टेटम या शास्त्रज्ञांसोबत, विवाहापूर्वीच, लावला होता, हे मान्य करायला हवे. म्हणून नोबेल हिरावले गेले असे मी म्हणणार नाही. परंतु १९५६ मध्ये इलिनॉयमधील जीवाणुशास्त्रज्ञांच्या संस्थेने पाश्चर पुरस्कार दोघांना मिळून दिला होता आणि त्यानंतरही स्टॅनफर्डमध्ये एस्थर यांना कायम प्राध्यापकपद मिळाले नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

औषधरोधावर पुढे जेव्हा मजकूर छापाल, तेव्हा त्यात वरील चुकीचे वाक्य असल्यास ते दुरुस्त करावे, आणि मखमलीच्या प्रयोगाचा उल्लेख आल्यास केवळ ‘लेडरबर्ग’ असे न छापता एस्थर आणि जोशुआ अशी दोन्ही नावे द्यावीत, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक