जुन्या गोठ्याबद्दल

पुणे

ती. आई-बाबांस, शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा चिडले आणि बोलणं अर्ध्यावर राहिलं, म्हणून लिहितेय.

बाबा, बायकांच्या गटाला काजू फोडायला गोठा द्यायला तुमची ना नाही. तुमचं अडतंय ते त्या कमाईतले पैसे आरोग्यासाठी बाजूला काढण्यावर. "दवाखाना सरकारनं चालवायचा, बायकांनी काजू फोडून कशाला?" बरोबर आहे की. डॉक्टर, नर्स, इमारत सरकारचीच. त्यात गटानं एक रुपया घालू नये. पण शेजारच्या काकींचं आठवा. बीपीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट. तिथवर जायचं तर गाडीभाडं आणि दिवसाचा पगार बुडणार. म्हणून त्या एक दिवसाआड गोळी घ्यायच्या. पट्टी पदराच्या गाठीत, कात्रीनं कापून दोन-दोन. ऐन पावसात एका सकाळी तोंड वाकडं झालं. तेव्हा विम्याचं कार्ड घरात होतंच, पण ते ऑपरेशनच्या खर्चाला, रोजच्या गोळ्यांना नाही. महिन्याकाठी एक गाडी, बीपीचं मशीन, साखर तपासायच्या पट्ट्या, एवढ्याचाच खर्च गटानं उचलायचा आहे.

यशस्विनी, म्हणजे कर्नाटक सरकारची सहकारी सोसायट्यांच्या सभासदांसाठीची आरोग्य विमा योजना, आली तेव्हा, २००३ साली, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून तुम्हीच दारोदार हिंडून माणशी वर्षाचे ६० रुपये गोळा केलेत. लोक हसले होते. २०१८ साली ती बंद पडली, २०२३ मध्ये परत सुरू झाली. बेंगळुरूच्या एका कागदानं बंद पडणार नाही असं थोडंफार आपल्या हातात असावं, एवढंच माझं म्हणणं.

मे महिन्यात व्यापारी दारात येऊन म्हणेल त्या भावात काजू बी उचलतो. चार किलो बीतून गर जेमतेम एक किलो, मान्य. पण वाफवणं, फोडणं, साल काढणं, पाकळी निवडणं ही मजुरी तरी आपल्या खानापूरच्या बाहेर जाणार नाही.

अट मात्र तुम्हीच घाला. "नफा उरला तर आरोग्याला" असं नको. पहिली दोन वर्षं काही उरायचं नाही. विकलेल्या दर किलोमागं दहा रुपये आधी बाजूला, वेगळ्या खात्यात. त्यातून कुणाच्या लग्नाला उसने नाहीत. (का म्हणते, ते सोसायटीच्या वह्या बघितलेल्या माणसाला सांगायला नको.) हिशेब तुम्ही लिहिणार असाल तरच बायका पैसे घालतील, असं वहिनी म्हणाली.

आई, तू फोडायला बसू नकोस. टरफलातलं तेल कातडी सोलवटतं. मागल्या वर्षीची तुझी बोटं बघितलीत मी, काळी पडलेली, भाकरी थापताना चरचरणारी. साल काढायला बैस हवं तर.

गणपतीला येताना वजनकाटा आणते. गोठ्यातली मोडकी कणगी तेवढी बाहेर काढून ठेवा, तीत उंदीर झालेत.

तुमची,
धाकटी