अंगणापेक्षा बुटका डोंगर

अलापूल, स्कॉटलंड

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

गुडघ्याचे टाके निघायच्या आतच तुम्ही येळ्ळूरला पळायच्या गोष्टी करताय, असं ताईनं फोनवर सांगितलं. कोल्हापुरात आठ दिवस गप बसा. तोवर हे वाचा.

रविवारी स्टॅक पॉली नावाच्या डोंगरावर गेलो होतो. उंची ६१२ मीटर. हसलात ना? आपलं बेळगावच साडेसातशे मीटरवर, म्हणजे हा गडी आपल्या अंगणापेक्षा बुटका! पण चढ सुरू होतो जवळजवळ समुद्राच्या पातळीवरून, त्यामुळे दम निघतोच. वाट डोंगराला वळसा घालून मागच्या अंगानं वर जाते.

येळ्ळूरच्या राजहंसगडावरून आपल्याला बासमतीची शेतं दिसतात, पलीकडं बेळगाव. इथं उत्तरेला बघितलं तर घर नाही, शेत नाही. दलदलीचा तपकिरी माळ, जिकडंतिकडं तळी, आणि मधोमध सुल्व्हेन डोंगर म्हशीसारखा बसलेला. पश्चिमेला समुद्र आणि बेटं. खालचा करडा खडक ३०० कोटी वर्षांचा, वरचा तांबडा वालुकाश्म १०० कोटींचा. सह्याद्रीचा काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटींचा, म्हणजे शेंबडं पोर.

हायलँड्समधलं, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ मुलखातलं, हे ओसाडपण सगळंच देवानं दिलेलं नाही बरं का. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी मेंढ्या पाळायला गावंच्या गावं उठवली. याच कोयगाख भागात १८५२-५३ मध्ये कुळांना नोटिसा द्यायला माणसं आली, तेव्हा बायकांनी त्यांना अडवून कागद जाळून टाकले. आजी असती तर म्हणाली असती, "बरं केलं!"

रस्त्यावरच्या पाट्या गेलिक, म्हणजे इथली जुनी भाषा, आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. गेलिक बोलणारे मूठभर उरलेत. तरी काळं फासलेली पाटी मला एकही दिसली नाही. तुम्हाला मुद्दाम सांगतोय.

खरा माथा पश्चिम टोकाला आहे, पण तिथं जायला एक कातळ चढावा लागतो. मी अलीकडंच बसलो. तुम्ही असता तर "एवढ्यावर येऊन परत?" म्हणून मला ढकललं असतं. खाली उतरलो तर चिलटांनी फोडून काढलं.

आईनं दिलेल्या कुंद्याचा शेवटचा तुकडा वर बसूनच खाल्ला. दिवाळीला येतोय. तोवर राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंतच चालायचं, वर नाही.

तुमचा,
बाळू