बारापैकी पाच

३० नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा आणि सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

माझी प्रकृती उत्तम आहे, जाड कोट घेतलेला आहे आणि जेवणाची आबाळ होत नाही, हे आईला आधी सांगते. ज्वारीच्या वाणांचे काम दर रविवारी फोनवर तुमच्या कानावर पडतेच, म्हणून ते इथे पुन्हा लिहीत नाही. ज्वारीवर संशोधन करायला अमेरिकेत गेलेली पोर फुटबॉलच्या त्या दांडग्या पोरांत काय करते, असे अण्णांनी मागच्या खेपेला विचारले. त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र.

मी मैदानात उतरत नाही. विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात, काचेच्या दाराच्या खोलीत, आजूबाजूला इतर शिक्षक असताना, मी फुटबॉल संघातील मुलांना संख्याशास्त्र शिकवते. आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते आणि मी त्या मर्यादेबाहेर एक तासही जात नाही. अभ्यासात नापास होणाऱ्या मुलाला इथे खेळू देत नाहीत, त्यामुळे आमच्या शिकवणीला संघात किंमत आहे. माझ्या संशोधनाचे यात काहीही नुकसान होत नाही.

हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलसारखा नाही. चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातात असतो. दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू असतात आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे जातो. आमचा संघ गेल्या हंगामात बारापैकी दोनच सामने जिंकला होता. जुन्या कोचना काढले आणि गेल्या हिवाळ्यात नवे कोच आले, तोपर्यंत जवळजवळ अर्धा संघ दुसऱ्या कॉलेजांत निघून गेला होता. २०१८ पासून इथे ‘ट्रान्सफर पोर्टल’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यात नाव घातले की खेळाडूला दुसऱ्या कॉलेजशी बोलणी करता येतात. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवता येतात आणि यंदाच्या जुलैपासून कॉलेजेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्याकडे चांगली मुले जातात, आणि आमच्याकडे फारसा पैसा नाही.

असे असताना नव्या कोचनी सुरुवात कुठून केली, हे अण्णांना आवडेल. त्यांनी चेंडू घेऊन पळणाऱ्या देखण्या खेळाडूंकडे आधी पाहिलेच नाही. पुढच्या फळीत पाच धिप्पाड मुले उभी असतात, जी चेंडू घेऊन पळत नाहीत आणि ज्यांचे नाव प्रेक्षकांना ठाऊक नसते. त्यांचे पाय कसे पडतात, यावर त्यांनी पूर्ण उन्हाळा घालवला. वर्गात पहिल्या दोन रांगांतच बसायचे, असाही त्यांचा दंडक आहे, आणि मुले खरोखर बसली आहेत का हे पाहायला माणूस येतो.

त्या पाचांपैकी एक, १४० किलो वजनाचा मुलगा, माझ्याकडे शिकतो. सराव संपवून तो गुडघ्याला बर्फाची पिशवी प्लॅस्टिकने गुंडाळून येतो आणि तास संपेपर्यंत त्याच्या खुर्चीखाली पाणी साचलेले असते. त्याला सरासरी आणि मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या, यांतला फरक काही केल्या समजत नव्हता. मग मी त्याच्याच संघाने आठ प्रयत्नांत चेंडू घेऊन पळत कापलेले अंतर मांडले: २, १, ३, २, ०, २, ३ आणि २७ यार्ड. सरासरी पाच येते, म्हणजे दोन प्रयत्नांत दहा यार्ड व्हायला हवेत. मध्यक मात्र दोनच, म्हणजे चार प्रयत्नांतही दहा होत नाहीत. तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला आणि म्हणाला की कोच आम्हाला हेच ओरडून सांगतात. मी त्याला आपल्या परभणीच्या पावसाचेही उदाहरण दिले. वर्षाची सरासरी कागदावर ठीक दिसते, पण २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर ती अतिवृष्टी, आणि तसे चार दिवस लागोपाठ आले तर सोयाबीन जागेवर कुजते. ते सप्टेंबरचे दिवस होते. दुधनेचे पाणी आपल्या खालच्या तुकड्यात शिरले आहे, हे दादाने मला त्याच रात्री कळवले.

आता इथली एक रीत सांगते, कारण ती मला अजूनही नीट उमगलेली नाही. सामना दुपारी असला तरी लोक सकाळपासून स्टेडियमबाहेरच्या मोटारतळावर येतात, गाडीचे मागचे झाकण उघडतात, तिथेच शेगडी पेटवतात, तंबू ठोकतात, खुर्च्या मांडतात आणि ओळख नसलेल्यालाही ताट भरून देतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत गाडी सोडून तिच्याच आडोशाला चूल मांडतात, तसेच हे वाटते. यातले कित्येक जण तिकीटही काढत नाहीत. सामना सुरू झाला तरी तिथेच बसून टीव्हीवर पाहतात. संघ हरत असतानाही त्यांनी येणे सोडले नव्हते. मला बोलावतात तेव्हा मी भाजलेले कणीस आणि बटाटे खाते. तिथे दारू असते, हे खरे आहे. मी घेत नाही.

यंदा आम्ही पाच सामने जिंकलो. सहा झाले असते तर हंगामानंतरचा ‘बोल’ सामना मिळाला असता, पण काल शेवटचा सामना चौथ्या डावात हातचा गेला. मला फार वाईट वाटले. तरी इथली जुनी माणसे कॅन्सस स्टेटची आठवण काढतात: तो संघ १९८७ आणि १९८८ मध्ये एकही सामना जिंकला नव्हता, १९८९ मध्ये बिल स्नायडर कोच म्हणून आले तेव्हा पहिल्या वर्षी एकच जिंकला, दुसऱ्या वर्षी पाच, तिसऱ्या वर्षी सात. इंडियाना विद्यापीठाचा संघ झटपट वर आल्याचे उदाहरणही आहे. २०२३ मध्ये तीन विजय, मग नवे कोच आपल्या जुन्या कॉलेजातले बरेच खेळाडू घेऊन आले आणि २०२४ मध्ये अकरा. मला स्वतःला स्नायडर यांची रीत अधिक टिकाऊ वाटते, पण आता मुले तीन-तीन वर्षे एका जागी राहतील असे नाही. पोर्टल २ जानेवारीला उघडते आणि १६ तारखेला बंद होते. माझ्या त्या विद्यार्थ्याला इतर कॉलेजांकडून विचारणा होईल. त्याने घराजवळ यावे, असे त्याच्या आईला वाटते. त्याने मला मत विचारले. मी काही बोलू शकले नाही.

रब्बीच्या पेरणीला या वर्षी वापसा किती उशिरा आला, हे दादाने सांगितले. शिकवणीचे साठवलेले ६०,००० रुपये अण्णांच्या खात्यावर पाठवले आहेत. त्यातून आधी खतवाल्याची उधारी फेडा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाचे मी वेगळे पाहते, त्याची काळजी करू नका. अतिवृष्टीचे अनुदान जमा झाले की ते बस्त्यासाठी ठेवावे.

दादाच्या लग्नाची फेब्रुवारीतली तारीख सत्राच्या मध्यावर येते आणि तिकिटाचे पैसे घरी पाठवलेल्या रकमेहून जास्त होतात, म्हणून मला येता येणार नाही. त्याला मी स्वतः फोन करून सांगणार आहे, तोवर तुम्ही काही बोलू नये. करवली म्हणून काकांच्या धाकटीला उभे करावे. माझ्यासाठी घेतलेली पैठणी तिलाच नेसवावी, कपाटात ठेवू नये. लातूरच्या स्थळाबद्दल आईने लिहिले ते वाचले. मुलगा चांगला असेल, पण माझा प्रबंध मे महिन्यात पूर्ण व्हायचा आहे. त्यांना थांबायला जमत असेल तर थांबावे, नसेल तर त्यांना अडकवून ठेवू नये. मामांना तसे स्पष्ट कळवावे, म्हणजे त्यांच्यावर बोल येणार नाही.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपली लेक