पोटात ढवळतंय, हे इंग्रजीत

लीड्स, रविवार

प्रिय छोटी,

तुझा सरावाचा निबंध वाचला. मांडणी छान आहे, पण 'आय अ‍ॅम व्हेरी डिस्गस्टिंग' हे वाक्य आधी खोड. तुला म्हणायचंय 'मला किळस आली' आणि लिहिलंयस 'मी फार किळसवाणी आहे'. जिची किळस येते ती वस्तू डिस्गस्टिंग, जिला किळस येते ती डिस्गस्टेड. शिवाय डिस्गस्टिंगला 'व्हेरी' शोभत नाही, शब्द मुळातच टोकाचा आहे. 'अ‍ॅब्सोल्यूटली डिस्गस्टिंग' म्हणतात, नाहीतर 'अटरली'. 'रिव्होल्टिंग'चंही तसंच.

पण तू नर्स म्हणून इथे येणार आहेस, म्हणून मला खरं सांगायचंय ते 'सिक'बद्दल. पहिल्याच महिन्यात, रात्रपाळीला, एक आजोबा म्हणाले, 'आय फील सिक.' मला वाटलं, बरं वाटत नाहीये. मी ताप बघायला लागले. त्यांना मळमळत होतं. कागदी लगद्याचं भांडं आणेपर्यंत त्यांना अंगावरच उलटी झाली, आणि उलट तेच मला सॉरी म्हणत राहिले. अजून आठवलं की जीव कळवळतो. इथे 'फील सिक' म्हणजे मळमळणं. 'आय वॉज सिक ट्वाइस' म्हणजे दोनदा उलटी झाली. ते तसंच नोंदवायचं. आणि 'सिक ऑफ धिस फूड' म्हणजे या जेवणाचा नुसता वीट आलाय, तिथे भांडं नको.

'इट टर्न्स माय स्टमक' तुला लगेच कळेल, आपलं पोटात ढवळणंच ते. 'मेक्स माय स्किन क्रॉल' मात्र अंगावर काटा नव्हे. काटा आपल्याला पोवाडा ऐकूनही येतो. हे म्हणजे अंगावरून किडे फिरल्यासारखी शिसारी. आणि इथल्या यॉर्कशरच्या बायका गार झालेल्या चहालासुद्धा 'मिंगिंग', म्हणजे किळसवाणा, म्हणतात! परीक्षेत लिहू नकोस, ऐकायला तयार राहा.

हे सगळे शब्द कळायला हवेत, पण पेशंटपुढे आपल्या तोंडून एकही जाता कामा नये. जखमेला घाण वास येत असेल तर कागदावर 'ऑफेन्सिव्ह' लिहितात, बोलायचं काहीच नाही. 'पुलिंग अ फेस' म्हणजे तोंड वाकडं करणं, तेही नाही. पट्टी सुटत असताना पेशंट जखमेकडे बघत नाही गं, आपल्या चेहऱ्याकडे बघतो. आजीची पाठ सडली होती तेव्हा आई रोज ती धुवायची, आठवतं? आजीला गावातल्या गप्पा सांगत, कपाळावर एक आठी न आणता. मी पट्टी बदलताना तोच चेहरा डोळ्यांपुढे ठेवते. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. तू सांग.

निबंध नव्याने लिहून बुधवारपर्यंत पाठव.

तुझी,
ताई